ओव्हरसियरसाहेबांचा समुद्र

देवासला त्यांच्या घरी कुणी गेलं, की दारातच विचारणा व्हायची, "हात मोकळे आहेत का?" मोकळे असले तर पाहुण्याला आतल्या खोलीत नेऊन त्याच्या हातात सायकलचा पंप दिला जाई. भिंतीवर मोटारीच्या चाकाची जुनी ट्यूब टांगलेली होती. ती टणक होईपर्यंत पाहुण्याने पंप मारायचा, घाम पुसायचा आणि मग खुर्चीवर बसायचं. तोवर कामाचा एक शब्द काढायची सोय नव्हती. "आधी हवा, मग बोला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेल्या भारदस्त माणसांनी फेटा सांभाळत तिथे पंप मारलेला मी पाहिला आहे. घर चुकून आलेल्या एका गृहस्थांनीही मारला. खरं घर कुठलं, ते त्यांना पंप मारून झाल्यावर सांगण्यात आलं.

ट्यूबमधून निघालेल्या बारीक रबरी नळीने ही सगळी हवा समुद्राला जायची. ओव्हरसियरसाहेबांनी घरात समुद्र पाळला होता.

लोक कुत्री पाळतात, पोपट पाळतात. यांच्याकडे उत्तरेच्या खिडकीपाशी लहान मुलाच्या पाळण्याएवढी एक काचेची टाकी होती. लोखंडी चौकट गंजू नये म्हणून तिला डांबर फासलेलं. आत खरं समुद्राचं पाणी, मुंबईच्या किनाऱ्यावरून आणलेलं. तळाला वाळू, शंख पाठीवर घेऊन हिंडणारे दोन-तीन खेकडे, दगडाखाली लपणारे बोटभर मासे आणि मधोमध एक खडबडीत खडक. त्या खडकावर पोवळ्याच्या जातीचे बारीक जीव दाटीने बसलेले होते. सकाळी उजेड आला की ते उघडत, आणि प्रत्येकाच्या कडेला हिरवट झालर दिसे. मी शिंप्याचा मुलगा. मला ती कोटाची बटणं वाटली, आणि मी तसं म्हणून गेलो. तेव्हापासून त्या घरात त्यांना बटणंच म्हणू लागले.

माझे वडील दरबारच्या बँडवाल्यांचे कोट शिवत. आमचे पूर्वज मराठी मुलखातून दरबाराबरोबर आले, ते सुईदोरा घेऊनच. संस्थानं विलीन झाली, बँड गेला, तसे वडील पीपलरावांला जाऊन शेतकऱ्यांच्या बंड्या शिवू लागले. मी कन्नौदला शिकलो, मॅट्रिक झालो आणि देवासला मास्तर म्हणून लागलो. राहायला खोली हवी होती. ओव्हरसियरसाहेबांनी माझं नावगाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: "बिडी ओढता? उदबत्ती लावता? अंगाला अत्तरबित्तर?" तिन्हींना मी नाही म्हणालो आणि खोली मिळाली. धूर, वास आणि औषधं पाण्यात उतरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे घरातले देवसुद्धा बिनउदबत्तीचे होते. साहेबांची थोरली बहीण, अक्का, देवापुढे नुसतं निरांजन लावीत आणि म्हणत, "देवा, सांभाळून घे. आमच्याकडे मासे आहेत."

साहेब उंच, वाळके, खाकी अर्ध्या चड्डीतले. उमर धाकट्या पातीच्या पाणीखात्यात गेली. तेव्हा देवास एकच गाव होतं, पण दरबार दोन, थोरल्या पातीचा आणि धाकट्या पातीचा. रस्त्याची एक बाजू एका पातीची तर दुसरी दुसऱ्या पातीची. "आयुष्यभर एकच पाणी दोन राजांना वाटून दिलं," साहेब म्हणत. "पाण्याला कधी कळलं नाही आपण कुणाचे." विलीनीकरणानंतर ते घरी बसले. आणि मग मुंबईला एका भाच्याच्या मुंजीला गेले असताना त्यांनी हे डोक्यात घेतलं.

पाणी आणायचं म्हणजे मोठी यातायात. वेताच्या जाळीतले काचेचे मोठाले बुधले घेऊन ते मुंबईला जायचे, होडीवाल्याला गाठून किनाऱ्यापासून लांबचं स्वच्छ पाणी भरायचे, रेल्वेने इंदूरला यायचे आणि तिथून मोटारीने देवास. एकदा त्यांना उतरवून घ्यायला मीही इंदूरपर्यंत गेलो होतो. इंदूरच्या अड्ड्यावर कंडक्टरने बुधल्यांकडे बोट दाखवलं.

"साब, इ में कंई हे?"

"समंदर," साहेब म्हणाले.

"पूरो?"

"नहीं भिया, थोड़ा. बाकी वहीं छोड़ आया हूं."

कंडक्टरने बुधला हलवून पाहिला, बूच काढून वास घेतला, आणि आपली स्वतःची बसायची जागा बुधल्यांना दिली.

माळव्यातला उन्हाळा हा त्या समुद्राचा वैरी. पाणी उडून जायचं आणि मीठ मागे राहायचं. मग साहेब साठवलेलं पावसाचं गोडं पाणी थोडं थोडं घालून ते जागेवर आणत. किती घालायचं हे 'बाहुली' सांगे. बाहुली म्हणजे बुचाची एक चिमुकली काचेची कुपी. तिच्यात शिशाचे छर्रे होते आणि गळ्याला लाल दोरा. मुंबईला भर समुद्रात, होडीत बसून, ती बरोबर दोऱ्यापर्यंत बुडेल इतके छर्रे त्यांनी तिच्यात घातले होते. टाकीत बाहुलीचा दोरा पाण्याच्या वर आला, की पाणी फार खारट झालं. दोरा बुडू लागला, की फिकं झालं. रोज सकाळी अंघोळ झाल्यावर साहेब बाहुली पाण्यात सोडून डोळे बारीक करून बघत. समोरच्या घरातल्या काकू खिडकीतून बघत आणि सांगत, "नास्तिक म्हणवतो मेला, आणि रोज बाहुलीला कौल लावतो."

मी बी.ए.ला बाहेरून बसत होतो. माझं इंग्रजी कच्चं. साहेबांनी नियम घालून दिला, की रोज संध्याकाळी टाकीसमोर बसून जे दिसतंय ते इंग्रजीत सांगायचं. पहिल्या दिवशी मी मोठ्या धाडसाने म्हणालो, "द फिश इज हॅपी."

"माशाने सांगितलं तुम्हाला?"

"नाही."

"मग पाहिलंत ते सांगा, मास्तर. वाटलं ते नको."

आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. परीक्षेचं पुष्कळसं मी विसरलो, पण हे वाक्य विसरलो नाही. वर्गात मुलांना आजही तेच सांगतो.

साहेबांचा राग मी एकदाच पूर्ण पाहिला. त्या वर्षी मलेरियावाले गावात घरोघर डीडीटी मारत फिरत होते. पाठीवर पिचकारीची डबडी घेतलेले दोघे दारात आले. साहेब चौकटीत आडवे उभे राहिले.

"सगळं घर मारा. ती एक खोली नाही."

"साब, सरकारी हुकम हे," त्यातला म्हातारा म्हणाला. "मच्छर तो ऊ कमरा में बी होयगा."

"है. सब को नाम से पहचानता हूं. उनको मैं देख लूंगा."

तरुण पोरगा आत घुसायला निघाला, तसे साहेब त्याला म्हणाले, "पहले हवा." आणि त्याच्या हातात पंप दिला. पोरगा गोंधळून पंप मारू लागला. दरम्यान म्हाताऱ्याने टाकीत डोकावून पाहिलं. शंख घेऊन एक खेकडा काचेशी आला होता. म्हातारा बराच वेळ वाकून राहिला. मग त्याने खडूने दारावर औषध मारल्याची खूण केली, आणि पोराला म्हणाला, "चल रे. यां मच्छर कोनी."

"शास्त्र आहे हे, मास्तर, शास्त्र," ते गेल्यावर साहेब मला म्हणाले.

शास्त्र होतंच. पण अक्कांनी मला एकदा तांदूळ निवडता निवडता वेगळं सांगितलं होतं.

अक्कांचे यजमान पहिल्या लढाईच्या वेळी दरबारच्या पलटणीबरोबर मुंबईहून बोटीने निघाले. बसऱ्याच्या वाटेवर त्यांना ताप आला आणि ते बोटीवरच गेले. देह समुद्रात सोडला. अक्का तेव्हा सतरा वर्षांच्या असतील. त्या माहेरी परतल्या, आणि आई नसलेल्या या धाकट्या भावाला त्यांनी वाढवलं. दर नारळी पौर्णिमेला त्या देवासच्या तलावावर जाऊन एक नारळ सोडत. इथली सगळीच मराठी माणसं तसं करत. समुद्र कुणी पाहिलेला नव्हता, पण नारळ सोडायचं राहिलं नव्हतं.

"पण मास्तर, तलावाचा नारळ तलावातच राहतो," अक्का म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी पोरं काढून खातात. मला एकदा खऱ्या पाण्यात टाकायचा होता."

साहेबांनी त्यांना मुंबईला न्यायचं ठरवलं होतं. मोटारीत बसवलंही. क्षिप्रेच्या पुलापर्यंत जाता जाता अक्कांचा श्वास कोंडला, डोळे फिरले. परत आणावं लागलं. डॉक्टरने पुन्हा असं धाडस करायचं नाही म्हणून बजावलं. "त्याच्या पुढच्या वर्षी ही टाकी आली," अक्का म्हणाल्या. "तो शास्त्र शास्त्र म्हणतो, ते आपण ऐकून घ्यावं."

गंमत अशी, की समुद्र घरी आला आणि अक्कांचा नारळ मात्र तलावावरच जात राहिला. टाकीत नुसतं पाणी होतं तोवर गोष्ट वेगळी होती. पुढे त्यात खेकडे आले, मासे आले, बटणं आली. एकदा जीव राहायला आल्यावर साहेबांना दुसरं काही दिसेना. अक्कांनीही कधी शब्द काढला नाही. एका पौर्णिमेला समोरच्या काकूंच्या पुढारपणाखाली गल्लीतल्या बायका ताटात हळदकुंकू, फुलं आणि नारळ घेऊन आल्या. "साहेब, घरात सागर असताना आम्ही चिखलात का जावं?" काकूंनी विचारलं. साहेब मलेरियावाल्यांपुढे उभे राहिले तसेच उभे राहिले. "हळदीने मरतील. कुंकवाने मरतील. तुमच्या भक्तीने तर नक्की मरतील." बायका चिडून तलावाकडे गेल्या. त्यांच्या मागून, कुणाचा हात न धरता, आपला नारळ पदराखाली घेऊन अक्का गेल्या.

पुढच्या श्रावणात अक्कांना जिन्याची पायरीही चढवेना. पायांवर सूज होती. पौर्णिमेच्या सकाळी त्यांनी मला बोलावलं. खाटेवर त्यांच्याजवळ शेंडीचा नारळ होता.

"मास्तर, माझ्या वतीने तुम्ही तलावावर जाता का? नाव मनात घ्या, मी सांगते कुणाचं."

आतल्या खोलीत पंपाचा आवाज चालू होता. तो थांबला. साहेब बाहेर आले. खाटेपाशी उभे राहून ते नारळाकडे बघत राहिले.

"मास्तर कुठे जाणार नाहीत," ते म्हणाले.

त्यांनी नारळ उचलला, स्वतः विहिरीवर नेऊन घासला, धुतला. टाकीतून पूर्वी काढलेल्या जुन्या पाण्याच्या हंड्यात तो बुडवून किती पाणी वर येतं ते पाहिलं आणि तितकं पाणी टाकीतून आधी काढून ठेवलं. मग आम्ही दोघांनी अक्कांची खाट उचलून आतल्या खोलीत नेली.

"हळद नाही," साहेब म्हणाले.

"बरं."

"कुंकू नाही, फूल नाही."

"बरं रे."

"आणि तासाभराने मी तो बाहेर काढणार."

अक्का हसल्या. नारळ दोन्ही हातांत धरून त्या भावाकडे बघत म्हणाल्या, "बाळ, दिलेला नारळ कुणी परत घेतं का रे?"

पन्नाशी उलटलेले साहेब बहिणीसमोर उभे होते. त्यांनी एकदा खडकाकडे पाहिलं. सकाळची वेळ, सगळी बटणं उघडलेली होती.

"नाही," ते म्हणाले.

अक्कांनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि नारळ पाण्यात सोडला. तो थोडा खाली गेला, वर आला आणि शेंडी वर करून एका जागी हलत राहिला. बटणं एकामागून एक मिटली. अक्का म्हणाल्या, "मला आता इथेच राहू द्या." खाट तिथेच राहिली.

दोन-तीन दिवसांत नारळाचा रंग पाण्यात उतरू लागला. पाणी फिक्या चहासारखं झालं. एक मासा आडवा तरंगताना सापडला. बटणं मिटली ती उघडेनात. साहेब खुर्ची टाकून टाकीसमोर बसून असत. जेवायला बोलावलं तर "आलो" म्हणत आणि येत नसत. मला राहवेना. अक्कांना दुपारी डोळा लागला होता, तेव्हा मी हळूच म्हणालो, "साहेब, तो काढून ठेवू या. पाणी निवळलं की पुन्हा ठेवू. अक्कांना कळणारसुद्धा नाही."

"तिला कळणार नाही," ते म्हणाले. "समुद्राला कळेल."

नास्तिक म्हणवणाऱ्या, पाहिलं तेवढंच बोलणाऱ्या माणसाचं हे बोलणं.

मग त्यांनी बुधले बांधले. नारळ काढायचा नाही तर पाणी बदलायचं, एवढा एकच मार्ग होता. ते मुंबईला जायचे, पाणी आणायचे, थोडं बदलायचे आणि पुन्हा निघायचे. प्रवासाने चेहरा काळवंडला. कंडक्टर मला म्हणाला, "माट्साब, अब तो वां समंदर आधो रे ग्यो होयगो." पण ते नसताना टाकीला हवा कोण देणार? घाण पाण्याला हवा दुप्पट लागते. मी शाळेत जाणार, अक्का खाटेवर. मी सकाळी ट्यूब भरून जाई आणि दुपारी परत येईपर्यंत ती पोतेऱ्यासारखी लोंबत असे.

एके दिवशी शाळेतून आलो तर आतून पंपाचा आवाज. समोरच्या काकू नऊवारीचा काष्टा खोचून पंप मारत होत्या.

"काकू, तुम्ही?"

"अक्कांचा नारळ आहे ना आत? मग सरका, उजेड अडवू नका," त्या म्हणाल्या. "आणि त्या घरमालकाला सांगू नका मी आले होते. माझं भांडण अजून चालू आहे."

दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. मग पाळ्याच लागल्या. सासवा आल्या, सुना आल्या. भाजी निवडायला तिथेच घेऊन येऊ लागल्या. एकीने पंप मारायचा, बाकीच्यांनी बोलायचं. अक्का खाटेवरून सांगत, "अगं दमाने. हवा घालायची आहे, धुणं आपटायचं नाही." साहेब पाणी घेऊन परतले तेव्हा खोलीत पाचसहा बायका होत्या. ते बुधला हातात घेऊन दारातच थबकले. काकूंनी पंप न थांबवता विचारलं, "हात मोकळे आहेत का?"

साहेबांनी बुधला खाली ठेवला आणि पंप घेतला.

पाणी हळूहळू निवळलं. नारळातला रंग उतरायचा तेवढा उतरून गेला असावा. नारळावर बारीक हिरवं शेवाळ धरलं, आणि एक खेकडा दगडाच्या टोकावरून त्याच्यावर चढून बसू लागला. भाद्रपद सरत आला तेव्हा एका सकाळी अक्कांची हाक आली. "बाळ! मास्तर! या इकडे." आम्ही धावलो. खडकाच्या खिडकीकडच्या अंगाला एक बटण उघडलं होतं. शेजारी दुसरं अर्धवट. सगळी काही पुन्हा उघडली नाहीत. खडकाची एक बाजू पांढरी पडली ती पांढरीच राहिली. पण जी उघडली ती रोज उघडू लागली.

"पोचला," अक्का म्हणाल्या. साहेबांनी पाहिलेलंच सांगायचा आग्रह या वेळी धरला नाही.

दसऱ्याच्या आधी अक्का गेल्या, त्याच खोलीत, खिडकीकडे तोंड करून. नारळ टाकीतच राहिला. साहेबांनी त्याला हात लावला नाही. तो नारळ आहे हे माहीत नसलेल्याला हिरवा दगडच वाटला असता.

पुढच्या नारळी पौर्णिमेला सकाळीच ओसरीवर बायकांचा घोळका जमला. हातात ताटं, ताटांत नारळ. काकू सगळ्यांत पुढे. साहेब दारात आडवे उभे राहिले, तसेच, खाकी चड्डीत. मला वाटलं, आता पुन्हा जुंपणार. ते सगळ्यांच्या ताटांवरून नजर फिरवत राहिले.

"नारळ ओसरीवर," ते म्हणाले. "पंप आत."

बायका एकेक करून आत गेल्या. प्रत्येकीने टाकीला हात जोडले, पदर खोचला आणि समुद्राला हवा घातली. ओसरीवरचे नारळ फोडून काकूंनी साहेबांच्याच चुलीवर नारळीभात केला. त्यानंतर दर वर्षी तसंच होत राहिलं. तलावावर गल्लीतलं कुणी जाईना. नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनेला सासू सांगे, "आपल्याकडे नारळी पौर्णिमेला पंप मारतात," आणि ती बिचारी सगळीकडे तसंच असेल असं समजे.

मी बी.ए. झालो. धारच्या शाळेत नोकरी लागली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा सवयीने आधी पंप मारला. साहेबांनी माझ्या हातात बाहुली ठेवली. "मला आता डोळ्यांनीच कळतं," ते म्हणाले. ते खरं नव्हतं, त्यांना तेव्हा चष्म्यानेही नीट दिसत नव्हतं. त्यांनी स्वतःसाठी दुसरी बाहुली करून ठेवली होती, हे मला काकूंकडून पुढे कळलं.

साहेब गेल्यावर काही वर्षांनी शाळेच्या कामाने मुंबईला गेलो, तेव्हा एक मोकळी संध्याकाळ मिळाली म्हणून एकटाच किनाऱ्यावर गेलो. एवढं पाणी आपलं आपण हलतंय, लाटा येतायत, जातायत, आणि कुणीही पंप मारत नाही, याचं मला फार नवल वाटलं. उजवा हात उगाच काहीतरी शोधत होता. मग चपला काढून पाण्यात शिरलो, बरोबर आणलेला पेला भरून घेतला, आणि रुमालात गुंडाळलेली बाहुली त्यात सोडली.

ती लाल दोऱ्यापर्यंत बुडाली आणि थांबली.